खुब्याच्या खोबणीचं फ्रॅक्चर आणि थ्रीडी प्रिंट: गरज की हौस?

ओसरी:
नमस्कार मंडळी. इथे हाडांचे डॉक्टर आणि प्रिंटरवाले दोन्ही आहेत हे ठाऊक असल्यामुळे धागा काढते आहे.

माझ्या मावसभावाचा अपघात झाला. गाडीत पुढच्या सीटवर होता. गुडघा डॅशबोर्डवर आदळला, धक्का मांडीच्या हाडातून वर गेला आणि हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीतून मागे निसटला. जाताना खोबणीचा मागचा काठ फोडून गेला. निसटलेला सांधा त्याच रात्री भूल देऊन जागेवर बसवला, आता पायाला वजन लावून पडून आहे. सीटी स्कॅनमध्ये मागच्या भिंतीचे तुकडे दिसताहेत, शिवाय खोबणीतून एक आडवी चीरही गेली आहे.

सर्जनचं म्हणणं असं, की स्कॅनवरून मोडलेल्या हाडाची खऱ्या मापाची थ्रीडी प्रिंट काढू, प्लेट बाहेरच वाकवून तयार ठेवू आणि मग ऑपरेशन करू. त्यासाठी थोडं थांबावं लागेल. घरात लगेच दोन तट पडले. वहिनीला हे फार पटलंय. मामा म्हणतात, प्रिंटर नव्हते तेव्हा हाडं बसवत नव्हते का? मलाही नक्की कळत नाहीये. याने खरंच फरक पडतो का? थांबल्याने नुकसान होईल का? आणि सर्जनना काय विचारावं?

चक्रम:
आमच्या ऑफिसातला प्रिंटर दर तिसऱ्या पानाला कागद अडकवतो. तुमच्याकडे हाड अडकलं तर कोणाला बोलवणार?

(भावाला लवकर बरं वाटो. उगाच राहवलं नाही.)

अस्थिपंजर:
हाडांचा डॉक्टर आहे, कमरेच्या फ्रॅक्चरचं काम रोज बघतो. तुमच्या भावाला तपासलेलं नाही, त्यामुळे जे लिहितो ते सर्वसाधारण.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा ज्या खोबणीत फिरतो ती कमरेच्या हाडात खोल, सगळ्या बाजूंनी स्नायूंनी वेढलेली. मनगट मोडलं तर कापून हाड समोर येतं. इथे तसं नाही. मागून गेलो तर पुढचं दिसत नाही, पुढून गेलो तर मागचं दिसत नाही, आणि खोबणीच्या आत तर गोळा बसलेला. म्हणजे जो पृष्ठभाग गुळगुळीत बसवायचा, नेमका तोच डोळ्यांना धड दिसत नाही. बाहेरच्या चिरा जुळल्या की आतलंही जुळलं असणार, या हिशेबावर काम चालतं.

आणि जुळणी किती बारीक लागते? जोएल माट्टा या हाडांच्या सर्जननी रूढ केलेलं माप आजही वापरतात. शस्त्रक्रियेनंतर एक मिलिमीटरपर्यंत फट किंवा पायरी राहिली तर उत्तम, दोन ते तीन म्हणजे अपुरं, तीनच्या वर वाईट. गोळा त्या पायरीवर वर्षानुवर्षं घासत राहतो आणि सांधा झिजतो.

या फ्रॅक्चरची वर्गवारी १९६४ साली जुदे बंधू आणि लेतुर्नेल या फ्रेंच सर्जननी मांडली. पाच साधे प्रकार, पाच मिश्र. तुम्ही लिहिलंय ते 'आडवं अधिक मागची भिंत', म्हणजे मिश्रांपैकी एक. त्या काळी साध्या एक्सरेच्या तीन कोनांवरून मनातल्या मनात हाड उभं करावं लागे. शिकाऊ डॉक्टरांना ते जमायला वर्षं लागतात, आणि एकच एक्सरे बघून दोघं दोन वेगळे प्रकार सांगतात हेही नवीन नाही. हातात मॉडेल दिलं की मतं बरीच जवळ येतात. मला विचाराल तर मॉडेलचा पहिला उपयोग हाच: कुठून आत शिरायचं आणि कोणता तुकडा आधी बसवायचा, हे टेबलावर चहा घेत ठरवता येतं, जखम उघडी ठेवून नाही.

संशयात्मा:
वर्णन छान आहे, पण सीटीचं त्रिमितीय चित्र स्क्रीनवर फिरवता येतंच की. गोळा पुसून आतली खोबणही बघता येते. मग तेच प्लास्टिकमध्ये ओतून काय नवीन कळतं? नवं यंत्र आलं की त्याला रुग्ण शोधले जातात, हे आपण पाहत आलोय.

अस्थिपंजर:
@संशयात्मा, बघण्यापुरतं म्हणाल तर अनुभवी सर्जनला स्क्रीन पुरते. पण स्क्रीनवर प्लेट वाकवता येत नाही.

ही प्लेट म्हणजे भोकांची एक लांबट पट्टी, दोन भोकांमध्ये खाचा असलेली, कुठल्याही दिशेला वाकावी अशी. खोबणीच्या मागचा काठ वळतो, पिळतो आणि खाली उतरतो, तिन्ही एकाच वेळी. मॉडेल नसेल तर ऑपरेशन चालू असताना प्लेट हाडावर ठेवा, बाहेर काढा, पकडीने वाकवा, परत ठेवा. प्रत्येक खेपेला वेळ जातो, रक्त जातं. शिवाय पट्टी पुढे-मागे वाकवत राहिलं की धातू कमजोर होतो. नीट न बसलेली प्लेट स्क्रू आवळताना उलट हाडालाच आपल्या आकारात ओढते आणि जुळवलेला तुकडा सरकतो. प्लेट आधीच बेतलेली असेल तर ती हाड कुठे असायला हवं हेही सांगते.

दुसरं, स्क्रू. मागच्या भिंतीतला स्क्रू थोडा जरी चुकीच्या कोनात गेला तर सांध्यात घुसतो. मॉडेलवर भोक पाडून स्क्रूचं टोक कुठे निघतं ते उलटून बघता येतं, आणि लांबीचा अंदाजही आधी मिळतो.

नुसताच_वाचक:
बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय. मला वाटलं होतं की छापलेलं हाडच शरीरात बसवतात! म्हणजे हे मॉडेल बाहेरच राहतं?

थरावरथर:
हो, बाहेरच. सहसा पीएलए नावाच्या प्लास्टिकचं असतं, तेच जे शाळेतल्या प्रिंटरवर वापरतात. साधारण ६० अंशांना ते मऊ पडतं. ओटीतली (ऑपरेशन थिएटरमधली) साधनं वाफेच्या दाबाखाली १२१ किंवा १३४ अंशांना निर्जंतुक करतात, त्यात पीएलएचा लगदा होईल. म्हणून मॉडेल बाहेर टेबलावर, नाहीतर निर्जंतुक पारदर्शक पिशवीत घालून. आत जाते ती नेहमीचीच धातूची प्लेट, मॉडेलवर वाकवून झाल्यावर नेहमीसारखी वाफवलेली. ओटीत हातातच हवं असेल तर नायलॉनची पूड लेसरने जोडून केलेलं किंवा त्यासाठीच्या खास रेझिनचं मॉडेल लागतं. ते वाफ सोसतं, पण त्यासाठी यंत्र वेगळं.

टायटेनियमची छापलेली खोबण शरीरात घालतात तो प्रकार वेगळा. कृत्रिम सांधा सैल होऊन आजूबाजूचं हाडच झिजून गेलं की त्या पोकळीला साजेशी खोबण बनवतात. ताज्या फ्रॅक्चरला त्याचा संबंध नाही.

आता माझ्या बाजूचं. मी अभियंता आहे, एका सर्जन मित्रासाठी अशी मॉडेलं काढून देतो. लोकांना वाटतं 'प्रिंट' म्हटलं की बटण दाबायचं. छपाई हा सगळ्यात सोपा भाग आहे. प्रिंटर रात्रभर आणि पुढचा बराचसा दिवस चालतो, त्याकडे बघावंही लागत नाही. खरा वेळ जातो तो त्याआधी, स्कॅनमधून हाड वेगळं काढण्यात.

सीटीमध्ये प्रत्येक ठिपक्याला घनतेचा आकडा असतो. एका आकड्याच्या वरचं सगळं हाड, असं सॉफ्टवेअरला सांगायचं. आकडा वर ठेवला तर कमरेच्या हाडाचे पातळ भाग गायब होतात आणि मॉडेलला नसलेली भोकं पडतात. खाली ठेवला तर बारीक चिरा बुजतात आणि मोडलेलं हाड सांधलेलं दिसतं! एकमेकांना टेकलेले दोन तुकडे सॉफ्टवेअरच्या लेखी एकच असतात. गोळा आणि खोबण यांच्यातली फटही जिथे अरुंद असते तिथे ते चिकटवून टाकतं. हे सगळं एकेका कापावर, म्हणजे स्कॅनमधल्या एकेका पातळ छेदाच्या चित्रावर, हाताने सोडवावं लागतं, आणि शेजारी सर्जन बसलेला नसेल तर मी तरी करत नाही. चीर कुठली आणि हाडातली रक्तवाहिनीची वाट कुठली, हे मला कसं कळणार?

किरणबाण:
थरावरथर यांना +१. मी स्कॅन काढणाऱ्यांपैकी. एक गोष्ट नातेवाइकांनी विचारावी अशी: बारीक कापांचा मूळ डेटा जपलाय का? मॉडेलसाठी साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप लागतात. वाचायला सोपं म्हणून जाड कापांची मालिका करून सीडीवर तेवढीच देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. जाड कापांवरून काढलेलं मॉडेल पायऱ्या-पायऱ्यांचं होतं. मूळ डेटा काही काळाने यंत्रावरून पुसला जातो, मग पुन्हा स्कॅन, पुन्हा किरणोत्सर्ग. वेळेत मागितला तर मॉडेलसाठी वेगळा स्कॅन लागत नाही.

आणि दोन्ही बाजू घेतल्यात का तेही बघा. चांगल्या बाजूचा उपयोग असतो.

खटपट्या:
चांगल्या बाजूचा काय उपयोग?

थरावरथर:
सांगायचं राहिलंच. प्लेट मोडक्या मॉडेलवर वाकवली तर ती मोडक्या आकाराचीच होणार ना! म्हणून मॉडेलं बहुधा दोन. एक जसं मोडलंय तसं, विचार करायला. दुसरं न मोडलेल्या बाजूचं, आरशात उलटवून, प्लेट बेतायला. उजवं मोडलं असेल तर डावं उलटवलं की उजव्याचा नमुना मिळतो. कधीकधी तुकडे संगणकावरच जागेवर सरकवून 'बसवलेलं' हाड छापतात. त्याला वेळ जास्त लागतो, पण दोन्हीकडे मोडलेलं असेल तर दुसरा मार्ग नाही.

संशयात्मा:
म्हणजे माणसाच्या दोन्ही बाजू सारख्या असतात हे गृहीत धरायचं?

अस्थिपंजर:
तंतोतंत नसतात, पण प्लेट बेतण्यापुरत्या बहुतेकांच्या पुरेशा सारख्या असतात. जन्मतः खोबण उथळ असेल किंवा आधीचं जुनं फ्रॅक्चर असेल तर हा हिशेब चालत नाही. ते स्कॅनमध्ये दिसतंच.

पायमोडका:
माझं हेच झालं होतं, मॉडेल-बिडेल काही नव्हतं. मागची भिंत, प्लेट, स्क्रू. सांधा आज ठीक आहे. जिना चढतो, मांडी घालून बसत नाही. त्यामुळे मामांचं म्हणणं खोटं नाही. मॉडेलशिवायही चांगलं होतं.

पण एक सांगतो. ऑपरेशनच्या आधी माझ्या नेमकं काय मोडलंय हे मला कोणी समजावलंच नाही. एक्सरे दाखवून 'हे बघा इथे' म्हणाले. मला त्यात करड्या रंगाखेरीज काही दिसलं नाही, मान डोलावली आणि सही केली. पाऊल वर उचलता येत नव्हतं ते कशामुळे, हेही नंतर फिजिओने सांगितलं. गोळा मागे निसटताना सायटिक नस दाबली गेली होती. ती हळूहळू परत आली. हाडाचं मॉडेल कोणी हातात दिलं असतं तर निदान प्रश्न तरी विचारता आले असते. ओसरी, भावाला ते मॉडेल ऑपरेशनआधी बघायला मिळेल का, ते विचारा.

अस्थिपंजर:
पायमोडका, नशीब की परत आली. ही नस सांध्याच्या अगदी मागून जाते. मागून शस्त्रक्रिया करताना तिच्यावर ताण येऊ नये म्हणून गुडघा सतत वाकवून धरतात. इथे मॉडेलची मर्यादाही सांगायला हवी: नस त्यात नसते. रक्तवाहिन्या नाहीत, स्नायू नाहीत, कूर्चा नाही. मॉडेलवर प्लेट जिथे सुरेख बसते तिथे प्रत्यक्षात पोचायला वाट नसेल तर त्या सुरेखपणाचा काय उपयोग? नवशिक्यांना हे सांगावं लागतं, कारण मॉडेल सगळ्या बाजूंनी उघडं असतं आणि माणूस नसतो.

चक्रम:
'मॉडेल उघडं असतं आणि माणूस नसतो' हे संदर्भाशिवाय कुठे उद्धृत करू नका बुवा.

भुलीची_बाई:
:) मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभी असते, तिकडची बाजू मांडते. ही शस्त्रक्रिया लांबते. रुग्ण पालथा किंवा कुशीवर, आत खोलवर काम, आणि कमरेच्या हाडातलं रक्त पट्टी बांधून थांबवता येत नाही, हातापायाला बांधतो तशी. त्यामुळे सर्जन आत जाताना काय करायचंय ते ठरवून गेले आहेत की आत जाऊन ठरवताहेत, हे मला रक्ताच्या पिशव्यांवरून कळतं. प्लेट तयार असली की 'अजून थोडं वाकव, नाही, उलटं' हा संवाद बंद होतो. सी-आर्मचे (ऑपरेशन चालू असताना एक्सरे दाखवणाऱ्या यंत्राचे) फोटोही कमी लागतात, म्हणजे खोलीतल्या सगळ्यांनाच किरण कमी.

तरी मॉडेल केलंय म्हणून ऑपरेशन आपोआप लहान होतं असं मुळीच नाही. तुकडे बसवायला जो वेळ लागतो तो लागतोच.

संशयात्मा:
आता पुराव्याचं बोलू. याच्या चाचण्या मी थोड्याफार चाळल्यात. बहुतेक लहान, एकेका रुग्णालयातल्या, बऱ्याच चीनमधून आलेल्या. वेळ कमी, रक्तस्राव कमी, एक्सरे कमी हे त्यांत पुन्हा पुन्हा दिसतं आणि त्यांची एकत्रित विश्लेषणंही तेच सांगतात. मान्य. पण रुग्णाला नंतर चालायला किती आलं, दुखणं किती राहिलं, यातला फरक तितका ठाम नाही. आणि सर्जनपासून तर लपवताच येत नाही ना, कोणत्या रुग्णाला मॉडेल होतं ते! ज्याने आदल्या रात्री मॉडेल घेऊन तासभर विचार केला त्याचं ऑपरेशन चटकन होणारच. मग श्रेय प्लास्टिकचं की त्या तासाचं?

अस्थिपंजर:
हा मुद्दा बिनतोड आहे. माझं उत्तर इतकंच, की तो तास मॉडेलमुळे घडतो. स्क्रीनवर दोन मिनिटं बघून 'ठीक आहे' म्हणणारा माणूस मॉडेल हातात आलं की खाली ठेवत नाही.

गंमत म्हणजे खुब्याचं काम कसं चाललंय ते मोजायला शंभरापैकी जे गुण देतात तो हॅरिस स्कोअर १९६९ साली आला तो अशाच रुग्णांसाठी: खुबा निखळणं आणि खोबणीची फ्रॅक्चरं यांनंतर सांधा झिजलेले. पुढे तो सांधेबदलाच्या प्रत्येक अभ्यासात गेला. पण शंभराच्या मोजपट्टीवर छोट्या चाचणीत दोन-चार गुणांचा फरक सिद्ध करायला रुग्ण पुरत नाहीत. फरक नाही असं त्यातून निघत नाही, दिसला नाही इतकंच निघतं.

संशयात्मा:
आणि आहे असंही निघत नाही.

अस्थिपंजर:
कबूल.

खटपट्या:
अवांतर: थ्रीडी प्रिंटिंगचं हे तंत्र इतकं जुनं असूनही आत्ताच का ऐकू येतंय? चक हल यांचं पेटंट १९८६चं ना?

थरावरथर:
हो, पण ते द्रव रेझिन प्रकाशाने घट्ट करण्याचं. प्लास्टिकची तार वितळवून थर घालण्याच्या पद्धतीचं मूळ पेटंट २००९ साली संपलं आणि मग टेबलावर मावणारे प्रिंटर धडाधड आले. त्याआधी हाडाचं मॉडेल म्हणजे बाहेरच्या कंपनीला फाइल पाठवा आणि वाट बघा. फ्रॅक्चरमध्ये वाट बघायला वेळ कुठे असतो? आता रुग्णालयातच यंत्र ठेवता येतं. स्कॅनमधून हाड काढायला थ्रीडी स्लायसर, ब्राझीलचं इन्वेसॅलियस अशी मोफत सॉफ्टवेअरही आहेत.

खटपट्या:
मग माझ्या गुडघ्याच्या सीडीवरून घरीच छापतो!

थरावरथर:
शोकेससाठी छापा की. पण कोणाच्या ऑपरेशनसाठी छापत असाल तर पुढचं वाचा. आपण जी फाइल प्रिंटरला देतो तिच्यात एकक नसतंच. नुसते आकडे. मिलिमीटर की इंच हे प्रिंटरचं सॉफ्टवेअर ठरवतं. ती गफलत निदान डोळ्यांना दिसते, हाड एकदम राक्षसाचं नाहीतर उंदराचं होतं. घात करते ती छोटी गफलत. मॉडेल प्रिंटरच्या पाटावर मावत नाही म्हणून कोणीतरी ९५ टक्के करतं आणि सांगायला विसरतं. दिसायला सगळं ठीक, प्लेट मात्र आखूड. म्हणून मॉडेलवरच्या दोन खुणांमधलं अंतर कॅलिपरने मोजायचं आणि स्कॅनमधल्या अंतराशी ताडून बघायचं. हे केल्याशिवाय मॉडेल माझ्या टेबलावरून हलत नाही.

याहून वाईट म्हणजे डावं-उजवं. वेगवेगळी सॉफ्टवेअर अक्षांच्या दिशा वेगवेगळ्या धरतात, त्यात आपण एक बाजू मुद्दाम उलटवलेली. उजव्याचं डावं कधी झालं ते कळतही नाही. म्हणून मी बाजूचं अक्षर आणि 'उलटवलेलं' हा शब्द हाडावरच कोरून छापतो. चिठ्ठी चिकटवत नाही, चिठ्ठ्या गळतात.

थराची जाडी मात्र उगाच फार बारीक करू नका. स्कॅनचा काप एक मिलिमीटरचा असताना ०.२ऐवजी ०.०५चे थर घातले तर प्रिंटर चौपट वेळ चालेल, नवीन माहिती शून्य.

निंबोणी:
छान चर्चा. माझ्या आजीचं याच भागाचं फ्रॅक्चर झालंय, नुसती घरात घसरून पडली. तिलाही असं मॉडेल करायला सांगावं का?

अस्थिपंजर:
निंबोणी, आजींची गोष्ट वेगळी असू शकते. वयामुळे हाड ठिसूळ असतं, कुशीवर पडलं की गोळा खोबणीची आतली भिंत ढकलतो आणि वरचं छत दबून बसतं. अशा हाडात प्लेट-स्क्रू कितपत धरतील हा पहिला प्रश्न. कधी ऑपरेशनच नको असतं, कधी फ्रॅक्चर आधार देऊन त्याच वेळी सांधा बदलतात. मॉडेल हा नंतरचा मुद्दा. आधी त्यांची तब्येत आणि पडण्याआधी त्या कशा चालत होत्या हे पुढ्यात घ्या. वेगळा धागा काढलात तर सविस्तर लिहीन.

वाटाड्या:
मूळ प्रश्न थांबण्याचाही होता ना? त्याला कोणी हात लावलेला नाही.

अस्थिपंजर:
बरोबर, वाहवत गेलो. निखळलेला सांधा जागेवर बसवणं हे तातडीचं काम. त्याला उशीर झाला तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो नंतर ढासळू शकतो. ते त्याच रात्री झालंय, उत्तम. त्यानंतर खोबणीची शस्त्रक्रिया सहसा दुसऱ्या दिवशी करतच नाहीत. रक्तस्राव थोडा शांत होऊ देतात, बाकीच्या जखमा बघतात. साधारण दोन आठवड्यांच्या आत व्हावी असा प्रयत्न असतो. तीन आठवड्यांनंतर तुकड्यांमध्ये नवं हाड धरायला लागतं, चिरांच्या कडा ओळखू येत नाहीत, आणि जुळणी अवघड होते. म्हणजे एरवीही जे दिवस थांबायचंच असतं त्यात मॉडेल होऊन जातं. मॉडेलसाठी म्हणून ही मुदत ओलांडणं मात्र शहाणपणाचं नाही.

सांधा परत परत निसटतोय, हाडाचा तुकडा आत अडकून गोळा बसतच नाहीये, नसेचं काम घटत चाललंय, जखम उघडी आहे, असं काही असेल तर प्रिंटरची वाट बघायची नाही. आणि पडून असताना पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायचं औषध चालू आहे ना, ते विचारा. घरच्यांच्या डोक्यात प्रिंटर असतो, हे राहून जातं.

ओसरी:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सर्जनना भेटले, तुमचेच प्रश्न घेऊन गेले होते.

मॉडेल त्यांच्याकडेच होतं आहे, कापांचा मूळ डेटा ठेवलेला आहे आणि दोन्ही बाजू स्कॅन केल्यात. दोन मॉडेलं: मोडलेलं, आणि चांगल्या बाजूचं उलटवून. 'मॉडेल वेळेत झालं नाही तर?' असं विचारलं. म्हणाले, तारीख ठरलेली आहे, प्रिंटर बिघडला तर मॉडेलशिवाय करू, तुमच्या भावाचं हाड प्रिंटरवर अवलंबून नाही. हे ऐकून मामा एकदम त्यांच्या बाजूचे झाले.

मोडलेलं मॉडेल भावाच्या हातात दिलं. तो बराच वेळ ते फिरवून बघत होता. मागच्या भिंतीच्या एका तुकड्याकडे बोट दाखवून सर्जन म्हणाले, हा आतल्या मऊ हाडात दाबला गेलाय, तो उचलून वर आणायचा आणि खालच्या पोकळीत हाडाची भर घालायची. भावाने विचारलं, "आणि हा नाही उचलला तर?" अपघात झाल्यापासून त्याने स्वतः विचारलेला हा पहिला प्रश्न.

आडवी चीर पुढच्या बाजूला कशी जुळली हे मागून कळणार कसं, असं मी विचारलं (अस्थिपंजर यांच्या पहिल्या प्रतिसादामुळे). म्हणाले, हाडाच्या खाचेतून बोट आत घालून चाचपतात, शिवाय सी-आर्म. ती बाजू जुळत नाही असं वाटलं तर पुढूनही जावं लागेल, त्याची संमती आधीच घेतली आहे.

पायमोडका:
वा. विचारलंत ते फार बरं केलंत. पुढची तयारी आत्तापासून करा. ऑपरेशननंतर बरेच आठवडे त्या पायावर वजन टाकू देत नाहीत, पाऊल नुसतं टेकवायचं. मॉडेलने हाड लवकर जुळत नाही, ते आपल्या गतीनेच जुळतं. कुबड्या आधीच आणून दंडाची ताकद वाढवायला लावा.

चक्रम:
ऑपरेशन झाल्यावर मॉडेल घरी देतात का? सासऱ्यांच्या टेबलावर ठेवायला झकास.

थरावरथर:
काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी विद्यार्थ्यांना शिकवायला ठेवून घेतात. नाव-गाव त्यावर नसेल तर मला दुसरं जास्त आवडतं. अशी खरी मोडलेली हाडं हातात घेऊन शिकायला एरवी मिळत नाहीत.

संशयात्मा:
ओसरी, एक शेवटची विनंती. ऑपरेशननंतर जुळणी कशी झाली ते बघायला सीटी करणार का, विचारा. साध्या एक्सरेत एक-दोन मिलिमीटरची पायरी लपून जाते. मॉडेलचा उपयोग झाला की नाही यावर आपण इथे कितीही भांडलो तरी त्या एका रुग्णाचं उत्तर त्या स्कॅनमध्ये असतं.

अस्थिपंजर:
@संशयात्मा, याला माझंही अनुमोदन. सगळीकडे करत नाहीत, किरणांचा विचार करून. पण स्क्रू सांध्याच्या जवळ असतील तर करावा.

ओसरी:
विचारून ठेवते. पायमोडका, कुबड्यांच्या उंचीबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, सवडीने बघा.